धाकटीचा सिनेमा

विजयमालाला बोलता यायला लागलं, तेव्हापासून घरात दुसऱ्या कुणाला फारसं बोलायला मिळालं नाही, असं तिचे आप्पा कौतुकानं सांगायचे. सिरसाळ्याच्या शाळेत वक्तृत्वाचा पहिला नंबर तिचाच. परळीच्या कॉलेजात गेली तर स्नेहसंमेलनाची नाटिका तीच लिहायची, तीच बसवायची आणि त्यातली मोठी बाई तीच व्हायची. धाकटी वनमाला अबोल. तिला नाटिकेत काम मिळालंच तर पाण्याचा तांब्या घेऊन यायचं, ठेवायचा आणि निघून जायचं. "वनूला वाक्य देऊ नका, ती विसरती," असं विजयमाला सगळ्यांना सांगून ठेवायची. वनमाला कधी काही विसरल्याचं कुणाला आठवत नव्हतं, पण तसं कुणी बोललंही नाही.

पुढं थोरलीचं लग्न कड्याला झालं. मोठी जमीन, मोठा गोतावळा, नवरा धर्मराज राजकारणात. धर्मराजचा आवाज चांगला होता, उभं राहणं चांगलं होतं, फक्त बोलायचं काय ते त्याला सुचायचं नाही. ते काम विजयमालाकडं आलं. साखर कारखान्याच्या गाळपाची मोळी टाकायचा कार्यक्रम असो, कुणाचा सत्कार असो नाहीतर दहाव्याची श्रद्धांजली, भाषण ती लिहून द्यायची आणि नवरा पाठ करायचा. लोक सत्काराला टाळ्या वाजवायचे, दहाव्याला डोळे पुसायचे. बायकांच्या रांगेत मागं बसून ती हे सगळं बघायची आणि घरी येताना खूश असायची. आपण लिहिणाऱ्या आहोत हे तिला पक्कं ठाऊक होतं. माहेरीही ठाऊक होतं. सिरसाळ्यात कुणाच्या लग्नपत्रिकेचा मजकूर ठरवायचा असला तरी फोन कड्याला यायचा.

धाकटीला परळीत दिलं. नवऱ्याचं खता-बियाण्याचं दुकान. वनमाला दुपारी गल्ल्यावर बसायची आणि दुकानात टेकलेल्या बायकांचं ऐकायची. त्यापलीकडं तिच्याविषयी सांगण्यासारखं काही असेल, असं विजयमालाला कधी वाटलं नव्हतं.

म्हणून दिवाळीच्या आधी आईचा, सरस्वतीबाईंचा, फोन आला तेव्हा तिनं पुन्हा विचारलं, "काय लिवलं म्हणलीस?"

"अगं, शिनेमा. आपल्या वनूनं. परमेश्वरनं काढलाय, तो लग्नाच्या शूटिंगा करतो बग, त्यानं. परळीत दाखवणार हायेत. तू येणार न्हवं?"

"वनूनं?"

"वनूनंच म्हणते की."

"मग मला कावून न्हाई विचारलं कुणी?"

आईला हा प्रश्न कळला नाही. विजयमालालाही आपण तो का केला हे नीट कळलं नाही. गॅसवर दूध होतं, ते उतू गेलं. पुसता पुसता तिच्या मनात एकच घोळत होतं: सिनेमा लिहूनच घ्यायचा होता, तर तो परमेश्वर कड्याला का आला नाही?

सिनेमा दाखवला तो एका मंगल कार्यालयात, नवरा-नवरीच्या खुर्च्या ठेवतात तिथं पांढरा पडदा लावून. कड्याहून परळी म्हणजे सगळा जिल्हा ओलांडायचा. पोचेपर्यंत गाडीच्या काचेवर वीजकेंद्राच्या राखेचा पातळ थर बसला होता. सगळं माहेर आलेलं. आप्पा काठी घेऊन पहिल्या रांगेत. वनमाला दारात उभी राहून आल्यागेल्याला पाणी विचारत होती, जणू तिच्या घरचं हळदीकुंकू होतं. विजयमालाला बघून ती धावत आली, हात धरला. "अक्का, तू आलीस म्हणजे झालं," म्हणाली. विजयमालानं तिच्या साडीकडं पाहिलं. साडी नवी होती. तेही तिला लागलं.

सिनेमाचं नाव 'सामाईक भिंत'. दोन भावांची वाटणी होते, घराच्या मधोमध भिंत येते आणि दोन जावांचं बोलणं बंद होतं. एवढीच गोष्ट. सुरुवातीला विजयमाला सिनेमा बघतच नव्हती, झडती घेत होती. ह्यात आपलं काय काय उचललंय ते तिला पकडायचं होतं. लहानपणी ओसरीवर ती वनूला रचून रचून गोष्टी सांगायची, त्यातली एखादी असेल. कॉलेजच्या नाटिकेतला एखादा प्रसंग असेल, निदान एखादं वाक्य. चोरी सापडली असती तर तिला आनंद झाला असता. मग मोठ्या मनानं माफही करता आलं असतं. पण एकेक प्रसंग पुढं जात होता आणि तिचं काही म्हणजे काही त्यात नव्हतं. त्या दोन बाया, त्यांची भिंतीला पाठ लावून बसायची तऱ्हा, पलीकडं फोडणी पडली की अलीकडच्या बाईनं न बोलता वास घेणं, सगळं वनमालाचं होतं.

मग तो प्रसंग आला. सकाळची वेळ, धाकटी जाऊ भाकरी थापतेय. पलीकडून थोरलीचा खोकला रोज यायचा, तो आज येत नाही. धाकटीचा हात थांबतो. तव्यावर भाकरी आहे, तिचा धूर निघायला लागतो. पीठ लागलेले हात तसेच धरून बाई भिंतीकडं बघत राहते. कुणी बोलत नाही, मागं गाणं नाही, बाजा नाही. शेवटी ती उठते, पितळेचा तांब्या उचलते आणि त्याचं बूड भिंतीवर ठोकते. पलीकडं शांत. पुन्हा ठोकते. बऱ्याच वेळानं पलीकडून अगदी हलकं, टक् असं येतं. बाई मटकन खाली बसते आणि करपलेली भाकरी तव्यावरून काढते.

मंगल कार्यालयात कुणाचं तरी लेकरू मोठ्यानं रडत होतं, तेही विजयमालाला ऐकू आलं नाही. तिचे हात मांडीवर उताणे पडले होते, त्यांना पीठ लागल्यागत. हे मला सुचलं नसतं, असं तिच्या मनात आलं, अगदी कुणी कानात सांगावं इतकं स्पष्ट. तिनं त्या बाईला रडवलं असतं, देवाला हाका मारायला लावल्या असत्या. आणि ह्या वनूनं, जिला वाक्य द्यायचं नसतं, तिनं एक शब्द न लिहिता सगळं लिहून टाकलं होतं. विजयमालाला रडू यायला हवं होतं, पण आला तो राग. वनमाला कडेला भिंतीशी उभी होती. तिच्याकडं बघावंसं वाटेना आणि नजर तर सारखी तिकडंच जात होती.

पण सिनेमा तिथं संपला नाही. शेवटी धाकटी जाऊ अंगणात येते आणि दोघा भावांना आणि जमलेल्या गावाला सुनावते. "भिंती मातीला पडतेत, रक्ताला न्हाई! वाटण्या रानाच्या होतेत, मायेच्या न्हाई!" असं बराच वेळ. लोकांनी शिट्ट्या मारल्या, टाळ्या वाजवल्या, मागच्या रांगेतला एकजण उभा राहिला. आणि विजयमालाला एकदम हायसं वाटलं. हे वाईट होतं. कशाला घातलं असेल, देव जाणे, पण वाईट होतं. जेवताना खडा लागावा आणि बरं वाटावं, तसं तिला झालं.

बाहेर चहा होता आणि चहाच्या भोवती वाद.

"नुसत्या भाकऱ्या थापतेत बे. ष्टोरी कुटंय?"

"शेवट ऐकला न्हाईस का? त्याला म्हणतेत लिवणं."

"शेवटच तेवढा बरा. तवर तर मी झोपलोच होतो."

एक बाई मात्र खांबाला टेकून पदरानं डोळे पुसत होती. कुणी विचारलं तर नुसती मान हलवायची.

तेवढ्यात परमेश्वर आला. ताठ कॉलरचा शर्ट, चेहऱ्यावर घाम. "अक्का, तुमी लिवणाऱ्या. तुमी सांगा."

आजूबाजूचे वळून बघायला लागले. वनमाला कपांचा ट्रे घेऊन तिथंच होती.

"शेवट बरा लिवलाय," विजयमाला म्हणाली. "बाकी लिवलंय कुठं? नुसतं दाखवलंय. बायका भाकऱ्या करतेत, खोकतेत. ते तर आमी रोजच बघतोत."

लोक हसले. वनमालाही हसली आणि ट्रे घेऊन पुढं गेली. तोंडातून निघालेला एकेक शब्द खोटा होता हे विजयमालाला बोलतानाच कळत होतं, आणि तरी तो बोलायला गोड लागला.

परतीच्या वाटेवर धर्मराज म्हणाला, "ते शेवटचं भाषण लई भारी होतं. वनूताईला विचारून सभेत घेऊ का थोडं?"

"झोप आली मला," म्हणून विजयमालानं डोळे मिटले आणि बीड येईपर्यंत उघडले नाहीत.

पुढं परमेश्वरनं सिनेमा यूट्यूबवर टाकला. खाली लोक लिहायला लागले. कुणी लिहिलं, 'माझी आई आठवली.' कुणी लिहिलं, 'वेळ वाया गेला.' कुणाच्या मते तर पटकथा कशाशी खातात हेच लेखिकेला माहीत नव्हतं. दुपारी घर शांत झालं की विजयमाला चष्मा लावून हे सगळं वाचायची. वाईट लिहिलेलं दिसलं की आधी आजूबाजूला बघायची आणि अंगठा दाबायची. कुणी वनमालाची स्तुती केली, की हा तिच्या सासरकडचाच असणार म्हणून पुढं सरकायची. पण वाचून झालं की बोट आपोआप त्या खोकल्याच्या जागी जायचं. त्या बाईला तांब्या ठोकताना पुन्हा बघायची. कुठं चुकलंय का, हात जास्त वेळ थांबलाय का, धूर लवकर निघालाय का. काही चुकलेलं नसायचं.

एकदा शेजारच्या केशरबाई ताक मागायला आल्या आणि तिच्या खांद्यावरून बघत उभ्या राहिल्या. टक् असं वाजलं तशा त्या पायरीवर बसल्या. "तुमच्या बहिणीनं लिवलं हे?" म्हणाल्या. "आमच्या सासूबाई गेल्या त्या सकाळी अस्संच शांत होतं बगा." ताक न घेताच गेल्या. त्या दिवशी विजयमालाला जेवण गेलं नाही.

पौषाआधीची अमावस्या आली. कड्याकडं ती कुणी करत नाही, पण परळीकडं तिला येळवस म्हणतात आणि सगळी घरं शेतात जेवायला जातात. विजयमाला दर वर्षी ह्या जेवणासाठी माहेरी यायची. ज्वारी कमरेच्या वर आलेली, कडब्याची झोपडीवजा कोप केलेली, आत पूजा, बाहेर सतरंज्या. भाज्या-डाळींच्या भज्जीचा वास, मडक्यात आंबील. आप्पांनी चर, म्हणजे नैवेद्यातलं थोडं थोडं, रानात शिंपून झाल्यावर सगळे बसले आणि पहिला घास पोटात गेला न गेला तोच सिनेमाचा विषय निघाला.

भाऊ रविराज म्हणाला, "मी आपला सरळ बोलतो. त्यात काही घडतच न्हाई. लोकांनी बघायचं काय?"

"तुला बघायला डोळे हायेत का?" छबुबाई आत्या तिथून उसळल्या. त्यांचं वय झालं होतं, पण आवाज शाबूत होता. "ती बाई हात थांबवती तवा माझा जीव जातो की राहतो झालं. अन् म्हणे घडत न्हाई!"

"आत्या, त्याला लिहिणं म्हणत न्हाईत. ते त्या नटीचं काम हाय. लिवलंय फक्त शेवटी. ते भाषण बगा, पोरं पाठ म्हणतेत."

"ते भाषण मला न्हाई आवडलं."

"गावाला आवडलं."

"गावाला तर तूबी आवडतूस," आत्या म्हणाल्या आणि सगळे खो खो हसले.

आप्पांनी हात वर केला. "अक्काला विचारा. लिवण्यातलं तिलाच कळतं."

सगळ्यांनी विजयमालाकडं पाहिलं. वनमाला वाकून आंबील वाढत होती. तिनं वर पाहिलं नाही. विजयमालाला वाटलं, एवढ्या वर्षांत हिच्यापेक्षा आपण मोठ्या आहोत हे सिद्ध करायची वेळच आली नव्हती, कारण कुणी विचारलंच नव्हतं. आता विचारत होते.

"रविराजचं बरोबर हाय," ती म्हणाली. "वनूला बघता येतं, पण लिवता आलं ते शेवटीच. वाक्य लागतंय ना माणसाला. मुक्यानं किती वेळ चालवायचं?"

छबुबाई आत्या तिच्याकडं बघत राहिल्या. "तू लई शिकलेली हायेस बाई," एवढंच बोलल्या आणि पुढ्यातलं जेवायला लागल्या.

जेवणं झाली, पुरुष बोरीच्या सावलीला लवंडले. विजयमाला हात धुवायला विहिरीच्या हौदावर गेली तर मागून वनमाला आली. बराच वेळ ती भांड्यांना राख लावत बसली. मग म्हणाली, "अक्का, कसा हाय गं सिनेमा?"

"सांगितलं की आता."

"ते त्यांला सांगितलंस. मला सांग."

तिचा आवाज रडका नव्हता, भांडणाचाही नव्हता. लहानपणी गोष्ट अर्धवट सोडली की ती अशीच 'पुढं सांग' म्हणायची. विजयमालाला खोटं सुचेना. सुचलं असतं तर ती नक्की बोलली असती.

"शेवटचं भाषण काढून टाक."

वनमालाचा हात थांबला.

"पलीकडून टक् आलं, बाईनं करपलेली भाकरी काढली, तिथं संपला तुझा सिनेमा. त्याच्यानंतर बोलण्यासारखं उरलं काय? त्या बाईनं सगळ्या गावापुढं कशाला बोलायचं? ती बोलणाऱ्यातली हाय का? तिनं कधी तोंड उघडलं हुतं का त्याच्या आधी?" विजयमाला भराभर बोलत गेली. कितीतरी दिवस हे तिच्या आत तुंबलं होतं. "तिथवर एक शब्द फुकट न्हाई. मी बघितलंय, लई बारकाईनं बघितलंय. अन् शेवटी सगळं पाण्यात घातलंस."

वनमाला खाली बघून म्हणाली, "मलाबी तसंच वाटायचं. पण टाळ्या तिथंच पडतेत."

"पडू दे की."

"अक्का, ते मी तुझ्यावानी लिवलंय."

विजयमालानं वळून तिच्याकडं बघितलं.

"बाकीचं तर मी नुसतं ऐकलेलं अन् बघितलेलं मांडलं हुतं. परमेश्वरला द्यायची वेळ आली तवा भ्या वाटलं. म्हणलं, ह्यात लिवलेलं असं काहीच न्हाई, लोक हसतील. लिवणं म्हणजे तर तुझं असतंय तसं. मग दाजींची भाषणं आठवून आठवून ते एक लिवलं. लई दिवस लागले त्याला."

तिला टोमणा मारायचा नव्हता. तो असता तर बरं झालं असतं, टोमण्याला विजयमालानं उत्तर दिलं असतं. पण वनमाला अगदी सरळ मनानं, जरा लाजतच सांगत होती. विजयमालानं हौदातल्या पाण्यात हात घातला आणि धुतलेले हात पुन्हा धुतले.

"काढून टाक," ती म्हणाली आणि कोपीकडं चालू लागली.

कड्याला आल्यावर तिनं आठ-पंधरा दिवस कुणाला न सांगता एक गोष्ट लिहून बघितली. एक म्हातारी आणि तिची सून, दोघी एकमेकींशी अबोल्यात. पहिल्या पानावर त्या गप्प राहिल्या. दुसऱ्या पानावर म्हातारी बोलायला लागली आणि मग तिला कुणी थांबवू शकलं नाही. विजयमाला वाक्यं खोडायची, की खाली दुसरी उगवायची, आधीच्यापेक्षा जोरदार. शेवटी तिनं ते कागद चुलीत घातले. धर्मराजला एका उद्घाटनाचं भाषण हवं होतं, ते मात्र तासाभरात झालं.

वनमालानं खरोखरच शेवट काढला. परमेश्वर आधी भांडला, मग तयार झाला. बदललेला सिनेमा यूट्यूबवर चढला तशी खाली बोंब उठली. 'भाषण का काढलं?' 'त्यातच तर जीव होता.' रविराजनं फोन करून धाकट्या बहिणीला येडी ठरवलं. धर्मराजही जेवताना म्हणाला, "चांगला भाग तेवढा काढला त्यांनी. वनूताईला कुणी सांगितलं असलं?"

"मी सांगितलं," विजयमाला म्हणाली. धर्मराजचा घास हातात राहिला. "आता नीट झालाय. तुमाला भाषणाशिवाय काही ऐकूच येत न्हाई, त्याला ती काय करील?" आणि मग ती हातात पोळी घेऊन त्याला तो तांब्याचा प्रसंग समजावत बसली, हात कुठं थांबतो, धूर कधी निघतो, बाई का बोलत नाही. तिचा आवाज चढला होता. धर्मराजला वाटलं, बहिणीचं प्रेम आहे.

प्रेम होतंही. पण तो सिनेमा संभाजीनगरच्या एका छोट्या महोत्सवात घेतला गेला आणि वर्तमानपत्रात 'लेखिका वनमाला' म्हणून फोटो आला, तेव्हा विजयमालानं तो कागद फोटो आत येईल असा दुमडला आणि लोणच्याच्या बरणीखाली घातला. बक्षीस मिळालं नाही, हे कळल्यावर तिनं आईला फोन करून हळहळ व्यक्त केली आणि त्या दिवशी पुरणाचा घाट घातला. घरात कसला सण नव्हता.

पावसाळा संपता संपता वनमालानं दुसरी गोष्ट पाठवली. सोबत एवढंच, 'अक्का, परमेश्वरला द्यायच्या आधी तू बघ. तुझ्याशिवाय मला कुणी खरं सांगत न्हाई.' विजयमालानं दार लावून घेतलं. वाचायला सुरुवात केली आणि तोंड कडू होत गेलं. चांगलं होतं. पहिल्यापेक्षा चांगलं होतं. एक बाई पोराच्या लग्नासाठी मुलगी बघायला जाते आणि तिथं आपलंच तरुणपण बघून येते. ह्यात भाषण नव्हतं. कुठं खोट नव्हती. ती दुसऱ्यांदा वाचायला लागली, हळूहळू, एकेक ओळ बोटाखाली धरून. केशरबाई बाहेरून हाक मारून गेल्या, तिनं ओ दिली नाही.

उन्हं कलायला लागली तेव्हा तिचं बोट एका ठिकाणी थांबलं. तिनं मागची दोन पानं काढून पुन्हा बघितली. मग चष्मा काढला, आणि फोन हातात घेताना तिच्या लक्षात आलं, की आपण हसतोय.

"वने," ती म्हणाली, "मुलीची आई म्हणती, पोरीला स्वयंपाकातलं सगळं येतं. मग पाव्हण्यांपुढचे पोहे शेजारीण कावून करून देती? ही बाई लपवतीय काहीतरी. का तुलाच ठाऊक न्हाई?"

पलीकडं दुकानात कुणीतरी सरकीच्या पोत्याचा भाव विचारत होतं.

"अय्या," वनमाला म्हणाली. "हे मला दिसलंच न्हाई, अक्का."

"मग बस आता," विजयमाला म्हणाली, "अन् मला सांग, ती पोरगी स्वयंपाकघरात गेली की काय करती."